लांडगा दडवायचा कुठे?

पियानोच्या अगदी डाव्या टोकाची पट्टी दाबली की तिची तार सेकंदाला साडेसत्तावीस वेळा कंप पावते. स्वर खोल आणि घोगरा, पण हिशेबाला चांगला. त्यालाच सा माना आणि वर चढायचे दोन रस्ते धरून पाहा. पहिला रस्ता सप्तकांचा. दर सप्तकाला कंपनं दुप्पट होतात, म्हणून सात सप्तकं चढल्यावर आपण 3520 वर पोचतो. दुसरा रस्ता पंचमाचा. सा वरून त्याचा पंचम लावायचा, त्या पंचमालाच सा मानून पुढचा पंचम, मग त्याचा पुढचा. इथे दर पायरीला कंपनं दीडपट. अशा बारा पायऱ्या चढताना बाराही स्वर एकेकदा भेटतात आणि शेवटी आपण पुन्हा सा वर येतो, सात सप्तकं उंच. निदान यायला हवं. गुणाकार करून पाहिला तर आकडा येतो 3568.

अठ्ठेचाळीस कंपनं जास्त. यात ना कानाची चूक, ना तारेची. दोन्ही रस्ते निर्दोष आहेत आणि तरी ते एका ठिकाणी पोचत नाहीत.

का पोचत नाहीत, हे पाचवीतल्या मुलालाही कळेल आणि म्हणूनच मला त्याचं नवल वाटतं. सप्तकाच्या मुळाशी दोनाचा आकडा आहे, पंचमाच्या मुळाशी तिनाचा. सगळे अपूर्णांक आवरून घेतले की प्रश्न एवढाच उरतो: तिनाला तिनाने गुणत राहिलं, तर कधीतरी 2, 4, 8, 16 या रांगेतली एखादी संख्या मिळेल का? तिनांचा गुणाकार नेहमी विषम येतो आणि ही रांग तर सगळी सम संख्यांची. कल्पांतापर्यंत पंचम लावत बसलं तरी पहिला सा सापडणार नाही.

या फरकाला पायथागोरसचा कॉमा म्हणतात. पट्टीवरच्या शेजारच्या दोन स्वरांमध्ये जे अंतर असतं, त्याच्या साधारण पाव हिश्शाएवढा तो आहे. आपल्याला असा फरक अगदीच अनोळखी नाही. चंद्राचं वर्ष 354 दिवसांचं, सूर्याचं 365 चं. दोघांचा मेळ बसत नाही म्हणून पंचांगकर्ते अकरा-अकरा दिवस साठवत जातात आणि तिसऱ्या वर्षाच्या सुमाराला अधिक महिना घालून मोकळे होतात. फरक नाहीसा कुणालाच करता येत नाही. तो कुठे ठेवायचा, एवढंच माणसाच्या हाती असतं. युरोपचं संगीत सोळाव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत या अठ्ठेचाळीस कंपनांसाठी जागा शोधत होतं, आणि दर वेळी जागा बदलली की संगीताचा चेहराही थोडा बदलला, असं मला वाटतं.

आपल्याकडे हा प्रश्न एवढा का छळत नव्हता? कारण आपला सा एकदा बसला की मैफल संपेपर्यंत हलत नाही. तानपुरा जुळतो, गवई त्या सा च्या नात्याने प्रत्येक स्वर लावतो, बारा पायऱ्या चढून कुठे परत यायचं नसतं. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा गांधार ज्यांनी ऐकला असेल, त्यांना शुद्ध गांधार किती निवांत असतो ते सांगायला नको. त्याचं सा शी नातं पाचास चार असं आहे.

युरोपला मात्र एकाच वेळी तीन गोष्टी हव्या होत्या. स्वर एकावर एक रचून एकत्र वाजवायचे होते, चालत्या रचनेत सा बदलायचा होता, आणि हे सगळं अशा वाद्यावर करायचं होतं ज्याचे स्वर वाजवताना हलवता येत नाहीत. गायकाला किंवा व्हायोलिनवाल्याला वेळ पडली तर केसभर वर-खाली सरकता येतं. ऑर्गनच्या शिशाच्या नळ्या सरकत नाहीत. त्यात गांधाराने भर घातली. पंचमाच्या चार पायऱ्या चढून जो गांधार मिळतो, तो तानपुऱ्यातल्या गांधारापेक्षा चढा असतो. गणितात सांगायचं तर ऐंशीच्या जागी एक्याऐंशी. म्हणजे पंचम सगळे शुद्ध ठेवले तर गांधार कर्कश, आणि गांधार शुद्ध केले तर पंचम बिघडतात.

सोळाव्या आणि सतराव्या शतकाने गांधाराची बाजू घेतली. 1523 साली व्हेनिसमध्ये पिएत्रो आरोनने जी जुळवणी लिहून ठेवली, तिच्यातून पुढे मीनटोन नावाची पद्धत रूढ झाली. प्रत्येक पंचम कानाला जेमतेम कळेल इतका उतरवायचा, म्हणजे चार पायऱ्यांनंतर येणारा गांधार अगदी शुद्ध बसतो. अशा जुळवणीत एखादा साधा तीन स्वरांचा मेळ ऐकला की पियानोवर वाढलेला कान चकित होतो. स्वर थरथरतच नाहीत. ते एकमेकांत विरघळून स्थिर उभे राहतात.

पण असे अकरा पंचम लावल्यावर बारावा उरतो, जी शार्प आणि ई फ्लॅट यांच्यामधला. अकरांनी जे जे सोडलं ते सगळं याच्या वाट्याला येतं. तो शुद्ध पंचमापेक्षा अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या हिश्शाहूनही जास्त चढा असतो आणि ऑर्गनवर दाबून धरला तर आवाज वर-खाली होत अक्षरशः विव्हळतो. वाद्य जुळवणाऱ्यांनी त्याचं नाव ठेवलं लांडगा. नाव इतकं चपखल आहे की ते युरोपातल्या अनेक भाषांत रुळलं. रचनाकारांना ठाऊक असे की लांडगा कुठे बसला आहे, आणि ते त्या बाजूला फिरकत नसत. बारा स्वरांपैकी आठांवर शुद्ध गांधार, उरलेल्या चारांवर न ऐकवणारे. व्हर्मीरने सतराव्या शतकात व्हर्जिनल वाजवणाऱ्या बायका रंगवल्या, खिडकीतून येणारा मऊ उजेड, शेजारी भिंतीवर चित्र. ती वाद्यं त्या काळच्या रिवाजाप्रमाणे लावली असतील तर त्या घरांमध्ये ऐकू येणारे मेळ आजच्या बहुतेक दिवाणखान्यांतल्या पियानोपेक्षा गोड होते. फक्त त्या बायकांनी ए फ्लॅट मेजरमधलं काही वाजवायला घ्यायचं नाही.

लांडग्याला हाकलायचे प्रयत्नही झाले, आणि ते वाचताना मजा येते. जी शार्प आणि ए फ्लॅट हे मीनटोनमध्ये दोन वेगळे स्वर आहेत, मग काळी पट्टी एकच का? चिरा तिला. लंडनच्या टेम्पल चर्चमध्ये 1680 च्या दशकात बर्नार्ड स्मिथने जो ऑर्गन बसवला, त्याच्या काही काळ्या पट्ट्या खरोखरच दुभंगलेल्या होत्या. एका अर्ध्यावर एक स्वर, दुसऱ्या अर्ध्यावर दुसरा. त्याआधी इटलीत निकोला व्हिचेंतीनोने 1555 च्या ग्रंथात सप्तकाला छत्तीस पट्ट्यांचं वाद्य मांडलं होतं. आपल्या बावीस श्रुती त्यापुढे काटकसरीच्या वाटतात. असली वाद्यं टिकली नाहीत, कारण ती वाजवायला हात कमी पडत आणि जुळवायला दिवस.

आता आश्चर्याची गोष्ट. आज जगभर जो तोडगा चालतो, तो तेव्हाही माहीत होता. कॉमाचे बारा सारखे तुकडे करायचे आणि प्रत्येक पंचमाच्या वाट्याला एकेक द्यायचा. म्हणजे कुणाचंच फार बिघडत नाही आणि लांडगा उरतच नाही. चीनमध्ये मिंग राजघराण्यातल्या झू झाइयू या राजपुत्राने 1584 साली या समान विभागणीचं गणित अचूक सोडवलं. हॉलंडमध्ये सिमॉन स्टेव्हिनने काही वर्षांनी तेच मांडलं, पण त्याचं लिखाण हयातीत छापलं गेलं नाही. ल्यूट वाजवणारे तर कधीपासून जवळपास हेच करत होते, कारण ल्यूटचा एकेक पडदा सगळ्या तारांना एकदम आडवा जातो, तिथे तारेगणिक लाड करता येत नाहीत. गॅलिलिओचे वडील विन्चेंत्सो गॅलिली यांनी 1581 मध्ये पडदे बांधण्यासाठी अठरास सतरा हे सोपं प्रमाण सुचवलं, आणि ते इतकं जवळचं आहे की कानाने फरक पकडणं अवघड.

म्हणजे युक्ती होती, गणित होतं, एक अख्खं वाद्य त्यावर चालत होतं. तरीही कळफलकाच्या वाद्यांवर ती सरसकट रुळायला अडीच शतकांच्या वर गेली. सर्वसाधारण इतिहास वाचताना असं वाटतं की लोकांना सुचलं नाही म्हणून थांबले. इथे तसं नव्हतं. त्यांनी ऐकलं आणि नको म्हटलं. समान विभागणीत पंचम जवळजवळ शुद्ध राहतो, पण गांधार चांगलाच चढतो, आणि सगळीकडे सारखाच चढतो. ज्यांच्या कानात शुद्ध गांधार मुरला होता त्यांना ही किंमत फार वाटली.

तडजोड निघाली ती जर्मनीत. 1691 मध्ये आंद्रेआस व्हेर्कमायस्टर या ऑर्गनवादकाने आपला ग्रंथ छापला. त्यातल्या सर्वांत गाजलेल्या जुळवणीत बारांपैकी चारच पंचम पाव-पाव कॉमाने उतरवायचे आणि उरलेले आठ शुद्ध ठेवायचे. हिशेब मिटतो, लांडगा नाहीसा होतो, बाराही पट्ट्यांतून वाजवता येतं. पण बाराही पट्ट्या सारख्या होत नाहीत, आणि या पद्धतीचं सगळं सौंदर्य इथेच आहे. सी मेजर शांत आणि मोकळा, तिथून जसजसे शार्प किंवा फ्लॅट वाढत जातात तसतसे गांधार ताणले जातात, आवाजाला धार येते. सी शार्प मेजरपर्यंत पोचेतो तो चकाकायला लागलेला असतो. योहान गेओर्ग नाइडहार्ट नावाच्या जुळवणीतज्ज्ञाने 1724 मध्ये तर चार वेगळ्या जुळवण्या सुचवल्या: एक खेड्यासाठी, एक लहान गावासाठी, एक मोठ्या शहरासाठी आणि एक दरबारासाठी. दरबाराला समान विभागणी. खेड्यातल्या ऑर्गनवर कोण इतक्या आडवळणाच्या पट्टीत वाजवणार, तिथे साधे मेळ गोड राहू द्यावेत. मला हा माणूस फार आवडतो. गणित एकच, पण ऐकणारा कोण आहे हे त्याने विचारलं.

याच काळात, 1722 साली, क्योटनच्या दरबारात नोकरीला असलेल्या योहान सेबास्टियन बाखने एका हस्तलिखिताच्या पहिल्या पानावर ऐसपैस अक्षरात नाव लिहिलं: दास वोल्टेम्पेरिएर्ट क्लाविअर, म्हणजे नीट जुळवलेला कळफलक. चोवीस प्रिल्यूड आणि चोवीस फ्यूग, बारा मेजर आणि बारा मायनर पट्ट्यांत प्रत्येकी एक जोडी. शिकणाऱ्या तरुणांसाठी आणि शिकलेल्यांच्या विरंगुळ्यासाठी, असं तोच सांगतो. त्याच्या वीस वर्षं आधी फिशर नावाच्या संगीतकाराने वीस पट्ट्यांचा असाच संच केला होता, पण शेवटच्या अडचणीच्या पट्ट्या त्याने सोडून दिल्या. बाखने एकही सोडली नाही. वीसएक वर्षांनी लाइपझिगला त्याने तसाच दुसरा भागही रचला.

बऱ्याच पुस्तकांत लिहिलेलं असतं की बाखने समान विभागणीचा प्रचार करण्यासाठी हा ग्रंथ केला. तसं दिसत नाही. नाव नीट जुळवलेलं आहे, सारखं वाटलेलं नव्हे. बाखचा मुलगा कार्ल फिलिप इमॅन्युएल सांगतो की वडिलांची वाद्यं दुसऱ्या कुणी लावलेली त्यांना पसंत पडत नसत, ते स्वतःच लावत. पहिला चरित्रकार फोर्केल म्हणतो, त्यासाठी त्यांना पाव तासापेक्षा जास्त वेळ लागत नसे. पण नेमकं कसं लावत, ते बाखने कुठेच लिहिलेलं नाही. की लिहिलंय? त्या पहिल्या पानाच्या डोक्यावर त्याने एक नक्षी काढली आहे, अकरा वेटोळ्यांची, काहींच्या पोटात आणखी लहान वेटोळी. पावणेतीनशे वर्षं ती नुसती शोभा म्हणून पाहिली गेली. 2005 मध्ये ब्रॅडली लेहमन या अमेरिकन हार्पसिकॉर्डवादकाने म्हटलं की ही नक्षी नसून जुळवणीचा नकाशा आहे, एकेक वेटोळं म्हणजे एकेक पंचम, आत गाठी किती त्यावरून तो किती उतरवायचा ते ठरतं. त्यावर अभ्यासकांत जोरदार भांडणं झाली आणि अजून एकमत नाही. मला स्वतःला ती कल्पना जरा जास्तच सुरेख वाटते, आणि म्हणूनच थोडा संशयही येतो.

बाखने लांडग्याचं काय केलं ते मात्र पहिल्या भागातल्या आठव्या जोडीत उघड दिसतं. प्रिल्यूड लिहिला आहे ई फ्लॅट मायनरमध्ये आणि त्याच्या पाठोपाठचा फ्यूग डी शार्प मायनरमध्ये. मीनटोनच्या जगात हे दोन स्वर लांबलांब राहणारे, त्यांच्यासाठी लोक पट्ट्या चिरत होते. इथे एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना बोटं त्याच पट्ट्यांवर पडतात. जिथे लांडगा असायचा, नेमक्या तिथून बाखने ये-जा सुरू केली.

आता पट्ट्या सगळ्या चालत्या झाल्या पण स्वभावाने वेगळ्या राहिल्या, तेव्हा त्यांची स्वभाववर्णनं लिहिण्याचा छंद लागला. फ्रान्समध्ये मार्क-आंत्वान शार्पांतिएने सतराव्या शतकाच्या अखेरीस यादीच केली होती: बी मायनर एकाकी आणि खिन्न, ई फ्लॅट मेजर क्रूर आणि कठोर. जर्मन कवी-संगीतकार शूबार्टने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात होहेनआस्पेर्गच्या तुरुंगात पडल्या पडल्या अशीच एक यादी सांगून लिहून घेतली; त्याच्या मते सी मायनर म्हणजे प्रेमाची कबुली आणि त्याच वेळी विफल प्रेमाचा विलाप. या याद्या एकमेकींशी पुष्कळदा जुळत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर हसणं सोपं आहे. पण रागांना वेळ आणि रस ठरवून देणाऱ्या देशातल्या वाचकाने फार हसू नये.

एकोणिसाव्या शतकात ही बारा स्वभावांची सृष्टी हळूहळू सपाट झाली. त्याला संगीतापेक्षा कारखाना जास्त कारणीभूत असावा. पियानोला लोखंडी चौकट आली, ताण वाढला, तारा शेकडो झाल्या. हार्पसिकॉर्ड वाजवणारा आपलं वाद्य आपणच लावत असे. पियानोला पगारी ट्यूनर लागला. कारखान्यात अनेक हातांनी एकच काम करायचं तर नियमही एकच हवा. लंडनच्या ब्रॉडवुड कंपनीने 1846 च्या सुमाराला आपल्या ट्यूनरांना समान विभागणी लावायला सांगितली. तेव्हा शोपँ हयात होता. त्याने 1838-39 च्या हिवाळ्यात मायोर्का बेटावर, आजारपणात, बाखचे खंड सोबत ठेवून आपले चोवीस प्रिल्यूड पूर्ण केले. तेही चोवीस पट्ट्यांत, पण पंचमाच्या पायऱ्यांच्या क्रमाने. त्याला पट्टीपट्टीतला फरक किती कळत असेल याचा अंदाज एका पत्रावरून येतो. 1848 मध्ये स्कॉटलंडहून मित्राला लिहिताना तो हळहळतो की आपला ट्यूनर गेला, आता आपल्या मनासारखा पियानो लावणारं कुणी उरलं नाही.

पगारी ट्यूनर करतात तरी काय? ते बिघाड मोजतात. दोन स्वर जवळजवळ जुळले पण पुरते जुळले नाहीत, की आवाज ठरावीक लयीत फुगतो आणि ओसरतो. शाळेच्या भौतिकशास्त्रात याला विस्पंद म्हणतात. शुद्ध पंचमात हे विस्पंद शून्य. पियानोच्या मधल्या भागातल्या पंचमात मात्र चार सेकंदांना साधारण तीन आले पाहिजेत, नाहीतर जुळवणी चुकली. त्याच भागातला मेजर गांधार सेकंदाला जवळजवळ नऊ वेळा थरथरतो. चांगल्यातल्या चांगल्या पियानोवर, नुकताच लावलेला असला तरी, थरथरतोच. आपण जन्मभर त्याला पियानोचा गोडवा समजत आलो.

हे सगळं आकड्यांत आणलं हेर्मान हेल्महोल्ट्झने. डोळ्यांची तपासणी करायचं ऑफ्थॅल्मोस्कोप शोधणाऱ्या या शास्त्रज्ञाने 1863 मध्ये स्वरांच्या संवेदनेवर जाडजूड ग्रंथ लिहिला, स्वतःसाठी शुद्ध स्वरांचं हार्मोनियम करवून घेतलं आणि ते वाजवून झाल्यावर समान विभागणीचा पियानो कसा अस्वस्थ वाटतो याची तक्रार केली. त्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर अलेक्झांडर एलिसने केलं, आणि त्याला भरपूर टिपणं जोडली. सप्तकाचे 1200 भाग करून स्वरांमधलं अंतर सेंट या मापाने मोजायची पद्धत एलिसची. त्या मापाने आपला कॉमा साडेतेवीस सेंटच्या आसपास येतो. एलिसचा स्वतःचा कान स्वरांच्या बाबतीत भरवशाचा नव्हता, असं सांगतात. मोजमाप करताना तो ब्रॉडवुडच्या आल्फ्रेड हिपकिन्सच्या कानावर विसंबे. तरी याच माणसाने 1885 मध्ये निरनिराळ्या देशांतल्या, त्यात हिंदुस्थानातल्याही, स्वरसप्तकांची मोजणी करून सांगितलं की निसर्गाने नेमून दिलेलं असं एकच सप्तक जगात नाही, माणसांनी अनेक घडवली आहेत.

लांडगा आता सगळीकडे समप्रमाणात वाटला गेला होता. बाराही दारं सारखीच उघडी. आणि मग रचनाकारांना हळूहळू वेगळाच प्रश्न पडू लागला: सगळी घरं सारखी असतील तर त्यातलं आपलं घर कुठलं? व्हाग्नरच्या 1865 साली म्युनिकला रंगमंचावर आलेल्या ट्रिस्टनमध्ये मेळ एका पट्टीकडे निघतात आणि भलतीकडे वळतात, तासन्‌तास. देब्युसीने 1889 च्या पॅरिस प्रदर्शनात जावाचं गॅमेलान ऐकलं होतं, आणि युरोपच्या विभागणीखेरीज इतरही सुरेल विभागण्या असतात हे त्याच्या मनात ठसलं होतं. वीस वर्षांनी त्याने व्वाल नावाच्या प्रिल्यूडमध्ये सप्तकाचे सहा एकसारखे भाग घेतले. सहाही सारखे असल्याने त्यांतला कुठलाच सा म्हणून उभा राहत नाही. स्वर नुसते तरंगतात. अशा सप्तकाला व्हेर्कमायस्टरच्या जुळवणीत अर्थच नव्हता, तिथे सहा भाग सारखे झालेच नसते.

1908 च्या डिसेंबरात व्हिएन्नात आर्नोल्ड शोनबेर्गच्या दुसऱ्या स्ट्रिंग क्वार्टेटचा पहिला प्रयोग झाला. सुरुवात रीतसर एफ शार्प मायनरमध्ये होते. शेवटच्या दोन भागांत चार वाद्यांबरोबर एक गायिका उभी राहते आणि अखेरच्या भागात पट्टी सुटते, सा राहतच नाही. श्रोत्यांनी दंगा केला. दोनएक वर्षांनी, 1911 च्या पहिल्या आठवड्यात, तेच क्वार्टेट म्युनिकला वाजलं तेव्हा श्रोत्यांत वासिली कँडिन्स्की बसला होता. घरी जाऊन त्याने चित्र काढलं, इम्प्रेशन 3. त्यात पियानोच्या उघड्या झाकणाचा मोठा काळा आकार, खाली वाकलेली माणसं, आणि चित्राचा अर्धा भाग व्यापणारा पिवळा लोट. त्याने शोनबेर्गला पत्र लिहिलं, दोघांची मैत्री झाली. सा शिवाय संगीत उभं राहतं, तर वस्तूशिवाय चित्र का नाही, हा प्रश्न त्याला छळतच होता. ते चित्र आज म्युनिकच्या लेनबाखहाउसमध्ये आहे.

एवढ्यावरून पियानोच्या जुळवणीनेच आधुनिक कला जन्माला घातली म्हणणं अतिशयोक्ती होईल. ते क्वार्टेट तर व्हायोलिनच्या कुळातल्या वाद्यांसाठी आहे, ज्यांना कुणी समान विभागणीत डांबलेलं नाही. पण बाराही स्वर समान हक्काचे, ही शोनबेर्गची पुढची सगळी इमारत समान विभागणीशिवाय सुचणं कठीण होतं. गंमत म्हणजे त्याला स्वतःला तिच्याबद्दल भ्रम नव्हते. 1911 च्या आपल्या हार्मनीवरच्या ग्रंथात तो तिला निसर्गाशी केलेला तह मानतो, मुदत न ठरवलेला.

तो तह मोडायचा प्रयत्न नेमक्या त्याच वर्षांत चालला होता, आणि तो आपल्याकडे. पॅरिसच्या देबँने 1840 च्या सुमाराला पेटंट घेतलेलं हार्मोनियम मिशनऱ्यांबरोबर हिंदुस्थानात आलं होतं, हाताच्या भात्याचं होऊन संगीत नाटकाच्या पिटात आणि कीर्तनातही पोचलं होतं. सोबत समान विभागणीही आली, कुणी न बोलावता. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 मध्ये बावीस श्रुतींचं गणित मांडणारं पुस्तक प्रसिद्ध केलं. आयसीएस अधिकारी ई. क्लेमेंट्स त्यांना येऊन मिळाले, अब्दुल करीम खाँसाहेबांचा कान मदतीला होता, आणि लंडनच्या मूर अँड मूर कंपनीकडून श्रुतींचं खास हार्मोनियम तयार होऊन आलं. व्हिएन्ना बारा समान स्वरांच्या जोरावर सा सोडत होती, तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातली ही मंडळी सा न सोडता तेच बारा स्वर फोडून बावीस करत होती. 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत या श्रुतींवर मोठा वाद झाला; भातखंड्यांना तो हिशेब पटला नाही. श्रुती हार्मोनियम प्रचारात आलं नाही, आणि साध्या हार्मोनियमवर 1940 मध्ये रेडिओने बंदी घातली ती पुढे तीस वर्षं टिकली.

पेटी मात्र टिकली. आपल्याकडच्या कारागिरांनी तिच्यासाठी एक जुनाच मार्ग पुन्हा शोधला. एक पट्टी सा म्हणून ठरवायची आणि पितळेच्या रीड घासून बाकीचे स्वर तिच्या नात्याने शुद्ध बसवायचे, विशेषतः गांधार. याला पेटीवाले गांधार ट्यूनिंग म्हणतात. काळी एकला असं लावलेलं वाद्य तानपुऱ्याबरोबर वाजलं की भांडण मिटल्यासारखं वाटतं. पण त्याच पेटीवर काळी चारचा गायक बसला की काही जोड्या विव्हळू लागतात, टेम्पल चर्चच्या स्मिथला ओळखू आल्या असत्या तशा. म्हणून साथीला निघताना पेटीवाला आधी गायकाची पट्टी विचारतो आणि त्यावरून दोन पेट्यांपैकी कुठली उचलायची ते ठरवतो.